चष्म्याच्या आधी

पत्र लिहिणारी मुलगी वीस वर्षांची, विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहणारी. सिगारेट तिने कधी ओढलेली नाही; तो वासच तिला सहन होत नाही. पहिल्या वर्षी घर सुटलं, रात्रीची झोप उडाली, आणि त्याच दिवसांत मैत्रिणींच्या घोळक्यात, गच्चीवर, पहिल्यांदा वेप, म्हणजे ई-सिगारेट, हातात आला. आता तो उशीखाली असतो. ‘सकाळी चष्म्याच्या आधी हात त्याच्याकडे जातो,’ असं ती लिहिते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: हे सिगारेटपेक्षा पंच्याण्णव टक्के कमी घातक आहे, निकोटिन त्यात फक्त ५ टक्के, बाकीचे पंच्याण्णव टक्के वाफ आणि फ्लेवर, आणि ओढल्याशिवाय अभ्यासात लक्ष लागत नाही. मध्यंतरी तिने सोडून पाहिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक पान वाचता येईना, तेव्हा परत सुरू केलं. परीक्षा सहा आठवड्यांवर आहे, त्यानंतर सोडायचा बेत आहे.

पण पत्राचं कारण वेगळं आहे. तिच्या खोलीत यंदा अठरा वर्षांची, पहिल्या वर्षाची मुलगी आली. तिला पहिला झुरका हिनेच दिला. आता ती हिच्यापेक्षा जास्त ओढते, दीड महिना खोकते आहे, आणि दोघींसाठीचे वेप हीच ओळखीतून मागवते. परवा त्या मुलीच्या आईचा फोन आला, ‘हिला खोकला कसला गं?’ हिने ‘हवा बदलली ना, काकू’ म्हणून वेळ मारून नेली. आता काकूंना खरं सांगावं का? आणि स्वतः ओढत असताना दुसरीला ‘सोड’ कुठल्या तोंडाने म्हणायचं?

*

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, गाठ तुझ्या रूममेटची आहे आणि तू मध्ये अडकली आहेस. दुसऱ्या वाचनात चष्म्याच्या वाक्यापाशी अडखळलो. ते तू जाता जाता लिहून गेलीस. बाकी पत्रभर स्वतःची बाजू मांडत राहिलीस. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सिगारेटचं व्यसन किती मुरलंय हे बघायला डॉक्टर फागरस्ट्रॉम नावाची प्रश्नावली वापरतात. तिच्यातला पहिला प्रश्न ‘दिवसाला किती ओढता’ हा नाही. ‘सकाळी जाग आल्यावर किती वेळात पहिली पेटवता’ हा आहे. पाच मिनिटांच्या आत, असं उत्तर आलं की सगळ्यात जास्त गुण. वेपसाठी पुढे ज्या प्रश्नावल्या बनल्या, त्यांनीही हा प्रश्न ठेवला. त्यामागचं गणित सोपं आहे. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. तू आठ तास झोपलीस तर रात्रीच्या सोळा भागांपैकी एखादा भाग सकाळी उरतो. दिवसभरातला सगळ्यात मोठा उपास तोच असतो, आणि शरीर तो सोडायची घाई करतं. तुला डोळ्यांसमोरचं दिसत नसताना जी वस्तू चाचपडत शोधावीशी वाटते, चष्म्याच्याही आधी जिचा नंबर लागतो, तिला तू पत्रभर ‘सवय’ म्हटलं आहेस. शब्दावरून मी वाद घालत नाही. फक्त आज रात्री वेप उशीखाली न ठेवता कपाटात ठेवून बघ, आणि सकाळी काय होतं ते वहीत लिही. मला कळवायची गरज नाही.

आता त्या पंच्याण्णवबद्दल. हा आकडा तुझ्या पत्रात दोनदा आलाय आणि दोन्ही वेळा तुला धीर द्यायला आलाय. त्याला जरा उलटसुलट करून बघू.

पहिला पंच्याण्णव, ‘सिगारेटपेक्षा पंच्याण्णव टक्के कमी घातक’. हा हवेतून आलेला नाही. २०१५ साली इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने तो जाहीरपणे मांडला होता. पण तो कुणी प्रयोगशाळेत मोजला नव्हता. तज्ज्ञांच्या एका गटाने बसून केलेला तो अंदाज होता, आणि त्यावर तेव्हाच बरीच टीका झाली. ते बाजूला ठेवू. अंदाज बरोबर आहे असं धरलं, तरी तुलना कशाशी आहे ते बघ. सिगारेटशी. म्हणजे रोज पाकीटभर ओढणारा पन्नाशीचा माणूस सिगारेट टाकून पूर्णपणे वेपवर आला तर त्याचा फायदा आहे, हे मलाही मान्य आहे. आजची ई-सिगारेट २००३ च्या सुमारास होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने बनवली. तो स्वतः सिगारेट ओढायचा, आणि त्याला ती सोडायची होती. तुला काय सोडायचं होतं? तू सिगारेट कधी ओढलीच नाहीस. तुझी तुलना धुराशी होऊच शकत नाही, ती साध्या हवेशी करावी लागेल. औषध चांगलं आहे म्हणून ज्याला दुखणंच नाही त्याने घ्यावं, असं तू एरवी म्हणाली नसतीस.

आणि ज्यांना फायदा झाला त्यांचंही ऐक. २०१९ साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत सिगारेट सोडू पाहणाऱ्या ८८६ जणांपैकी निम्म्यांना ई-सिगारेट दिली, निम्म्यांना निकोटिनच्या पट्ट्या, च्युइंगम वगैरे. वर्षानंतर ई-सिगारेटवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटमुक्त होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. वेपचा विजय, बरोबर. पण त्या यशस्वी झालेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही वेप ओढतच होते. पट्टीवाल्यांमध्ये ज्यांची सिगारेट सुटली, त्यांच्यातले फक्त ९ टक्के पट्टी-च्युइंगमला धरून होते. हातात आलेला वेप खाली ठेवणं किती कठीण जातं, ते या दोन आकड्यांत आहे.

दुसरा पंच्याण्णव तर सरळ फसवा आहे. ‘निकोटिन फक्त ५ टक्के.’ पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम. युरोपियन युनियनने कायद्याने घातलेली मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे, म्हणजे २ टक्के. तू जे ‘फक्त’ म्हणतेस ते तिथल्या दुकानात ठेवताही येत नाही. एक सिगारेट ओढली की शरीरात जेमतेम एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन जातं. तुझ्या उपकरणात १० मिलिलिटर द्रव असेल, तर आत ५०० मिलिग्रॅम भरलेलं आहे. ते सगळं अंगात जात नाही, काही बाहेर सोडलं जातं, पण हिशोब कुठे चाललाय ते तुझ्या लक्षात येईल. तू विज्ञानाची विद्यार्थिनी आहेस असं पत्रावरून वाटतं, म्हणून गणित तुझ्यावरच सोडतो.

तुला प्रश्न पडेल, एवढं जहाल असेल तर घसा जळत कसा नाही? तो न जळावा म्हणूनच त्यात निकोटिनचा क्षार वापरतात. साधं निकोटिन घशाला झोंबतं. त्यात बेन्झॉइक आम्लासारखं एखादं आम्ल मिसळलं की झोंबणं कमी होतं आणि कितीही तीव्र द्रव सहज आत ओढता येतो. २०१५ नंतर अमेरिकेत जूल नावाच्या उपकरणाने हीच युक्ती वापरून शाळा-कॉलेजं काबीज केली. जिला सिगारेटचा वास सहन होत नाही अशा मुलीला सिगारेटएवढं, किंवा त्याहून जास्त, निकोटिन गोड वासाने घेता यावं, ही त्या रसायनाची कामगिरी आहे. यात तुझा मूर्खपणा शोधत बसू नकोस.

बाकी पंच्याण्णव टक्के ‘वाफ’ नसते. प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन तापवून केलेले ते सूक्ष्म थेंब असतात. तापताना त्यातून फॉर्माल्डिहाइडसारखे पदार्थ तयार होतात, आणि द्रव तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यातून निकेल-क्रोमियमसारख्या धातूंचे कणही येतात. सिगारेटच्या धुरापेक्षा बरेच कमी, हे खरं. पण फ्लेवर ‘खाण्यायोग्य’ असतो म्हणून निर्धास्त होऊ नकोस. पोट आणि फुप्फुस ही वेगळी घरं आहेत. लोण्याचा स्वाद देणारं डायअॅसिटिल खाल्लं तर काही होत नाही. मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यांत ते श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांची फुप्फुसं मात्र कायमची बिघडली. हे रसायन काही वेपच्या फ्लेवरांतही सापडलं आहे.

आता खरा मुद्दा, ज्यावर तुझा सगळा बेत उभा आहे. ‘ओढल्याशिवाय अभ्यास होत नाही.’

मी स्वतः अकरा वर्षं सिगारेट ओढली. परीक्षेला बसताना शेवटच्या मिनिटाला बाहेर उभं राहून ओढायचो, आणि पेपर सोपा गेला तर श्रेय तिला द्यायचो. अवघड गेला तर मात्र दोष पेपर काढणाऱ्याचा. तेव्हा कळलं नाही, सोडल्यावर काही महिन्यांनी कळलं, की सिगारेट मला जी शांतता द्यायची ती आधी तिनेच काढून नेलेली असायची. निकोटिन ओढल्यावर दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथे ज्या रिसेप्टरांवर, म्हणजे पेशींवरच्या निकोटिन पकडणाऱ्या तोंडांवर, ते बसतं, त्यांची संख्या सततच्या माऱ्याने वाढते. मग निकोटिन उतरायला लागलं की ही वाढलेली तोंडं एकदम उघडी पडतात: चिडचिड, अस्वस्थपणा, मन न लागणं. पुन्हा ओढलं की ती बंद होतात आणि आपल्याला वाटतं, वा, डोकं कसं स्वच्छ झालं. निकोटिनने लक्ष जरा तल्लख होतं हे अगदी खोटं नाही. पण तुझ्या पत्रातल्या लायब्ररीच्या वर्णनात मला तल्लखपणा दिसला नाही. दर वीस मिनिटांनी उठून बाथरूमपर्यंत जाणारी मुलगी दिसली. तीन तासांच्या पेपरात तू काय करणार आहेस?

तरुण वयात हे जास्त घट्ट बसतं. मेंदूचा पुढचा भाग, जो मोह आवरतो आणि बेत आखतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. एरवी ‘वय आहे, मजा करा’ म्हणणाऱ्यांपैकीच मी आहे, पण इथे वय तुझ्या बाजूने नाही.

तू सोडलंस तेव्हा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हरलीस आणि त्यातून निष्कर्ष काढलास की मला याची गरजच आहे. निकोटिन बंद केल्यावरचा त्रास काही तासांत सुरू होतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. मग उतरत जातो. दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांचा निवळतो. म्हणजे चढ संपत आला होता, तिथून तू मागे फिरलीस. हे तुला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो पुरावा वाटला. तो फक्त तिसरा दिवस होता. सिगारेट सोडणाऱ्यांवरच्या २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात सोडलेल्यांची चिंता आणि ताण, न सोडलेल्यांच्या तुलनेत, कमी झालेला दिसला. ‘ताण आहे म्हणून ओढतो’ म्हणणाऱ्यांना हे उलटं वाटतं. मलाही वाटलं होतं.

मग परीक्षेचं काय? तू पत्र लिहिलंस तेव्हा सहा आठवडे होते, हे उत्तर तुझ्यापर्यंत येईतो पाच उरले असतील. परीक्षा दहा दिवसांवर असती तर मी म्हणालो असतो, आत्ता फक्त प्रमाण कमी कर, तारीख परीक्षेनंतरची ठरव. पण पाच आठवड्यांत चार आठवड्यांचा त्रास मावतो. आठवडाभरात थांबलीस तर पहिला पेपर तू त्यातून बाहेर पडून लिहिशील. परीक्षेनंतर सोडायचं म्हटलंस तर परीक्षेनंतर सुट्टी असेल, सुट्टीनंतर प्रोजेक्ट, मग नोकरीच्या मुलाखती. वेप सोडायला मोकळा आठवडा कधीच मिळत नाही.

कसं सोडायचं? एकदम की हळूहळू, यावर लोक हिरिरीने भांडतात. तुझा एकदमचा प्रयोग फसलाय, म्हणून मी हळूहळूकडे झुकतो, पण हळूहळूला तारखेचं कुंपण हवं. नाहीतर ‘कमी करतेय’ हेच वर्षभर चालतं. आठवड्यापुढची तारीख ठरव. पहिले दोन दिवस काहीच बदलू नकोस, फक्त मोज. सिगारेटला शेवट असतो, दहा-बारा झुरक्यांत ती संपते आणि थोटूक विझवावं लागतं. वेपला शेवटच नाही, त्यामुळे किती झालं ते कळत नाही. म्हणून प्रत्येक वेळी वहीत एक रेघ मार. रेघा बघून तू दचकशील. मग दोन जागा बंद कर: अंथरूण आणि लायब्ररी. उठल्यावरचा पहिला तास मोकळा ठेव, मग दोन तास. दुपारपर्यंत मजल गेली की अर्धं काम झालं. तलफ आली की ती आता वाढतच जाणार असं वाटतं; प्रत्यक्षात तीन ते पाच मिनिटांत ती ओसरते. ती मिनिटं काढायला पाय लागतात. जिना उतर, पाणी पी, कुणाला तरी फोन कर.

आणि गच्ची सोडू नकोस. पहिल्या वर्षी तुला झोप येत नव्हती, घर आठवत होतं, आणि गच्चीवर चार जणी होत्या. तुला तेव्हा वेपपेक्षा त्या चार जणींची गरज होती असं मला वाटतं. व्यसन सोडायला सांगणारे लोक नेमकं हे विसरतात आणि माणसाला एकटं पाडतात. गच्चीवर जा, रिकाम्या हाताने जा, मैत्रिणींना सांगून जा की मला देऊ नका. एखादी हसेल. एखादी दुसऱ्या दिवशी हळूच विचारेल, ‘कसं जमतंय गं?’ तिला धरून ठेव. अमेरिकेत १८ ते २४ वयाच्या अडीच हजारांहून जास्त वेपर तरुणांवर एक चाचणी झाली. त्यातल्या निम्म्यांना मोबाइलवर फक्त धीर देणारे, युक्त्या सांगणारे मेसेज येत राहिले. सात महिन्यांनी त्यांच्यातले २४.१ टक्के वेपमुक्त होते, मेसेज न मिळालेल्यांतले १८.६ टक्के. फरक लहान आहे, पण तो नुसत्या मेसेजने पडलाय. तुझ्याकडे तर जिवंत मैत्रिणी आहेत.

तरीही तिसऱ्या दिवसाची भीती वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि त्यात कमीपणा मानू नकोस. निकोटिनची च्युइंगम किंवा पट्टी, तुझ्या प्रमाणाला बेतून, ते सांगतील. ५ टक्क्यांच्या वेपवरून उतरताना हे स्वतःच्या मनाने घेण्यात अर्थ नाही. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळीही आहे. १६ ते २५ वयाच्या, सिगारेट नव्हे तर वेप ओढणाऱ्या २६१ जणांवर तिची चाचणी झाली आणि २०२५ साली निकाल आले. बारा आठवड्यांच्या औषधाच्या शेवटच्या महिन्यात औषध घेणारे ५१ टक्के पूर्ण बंद होते, नकली गोळी घेणारे १४ टक्के. सहा महिन्यांनी हेच आकडे २८ आणि ७ वर आले. म्हणजे औषधाने मदत होते, आणि मदत थांबल्यावर घसरायलाही होतं. घसरलीस तर दुसरी तारीख घे. झोप आणि अस्वस्थपणा वेपच्या आधीपासून होता असं तू लिहिलंस. तेही डॉक्टरांना किंवा विद्यापीठातल्या समुपदेशकांना सांग, कारण वेप गेल्यावर ते मागे उरलेलं असू शकतं.

आता तुझी रूममेट. तुझ्या दोन प्रश्नांतला दुसरा आधी घेतो, कुठल्या तोंडाने सांगायचं हा. तुझ्या मनात असं आहे की आधी आपण स्वच्छ व्हायचं आणि मग दुसऱ्याला सांगायचा अधिकार मिळवायचा. ऐकायला हे प्रामाणिक वाटतं. पण यात तुझी सोयही आहे: जोवर तू सोडत नाहीस तोवर बोलायला नको. ती तुला ताई म्हणते. उपदेश करायला अधिकार लागतो, कबुली द्यायला लागत नाही. ‘हे मी तुझ्या हातात दिलं, ते चुकलं. मला स्वतःला सुटत नाहीये. मी अमुक तारखेपासून थांबते आहे.’ एवढंच बोल. ‘तूही सोड’ हे म्हणू नकोस, ते तिला ऐकू येईलच. व्यसनात बुडालेल्या ताईने हे म्हटलं तर त्याला जे वजन असतं ते सोडून झालेल्या ताईच्या भाषणाला नसतं. सोडून झालेले लोक फार कंटाळवाणे असतात. मी स्वानुभवाने सांगतो.

मात्र एक गोष्ट तारखेची वाट बघू शकत नाही. तिच्यासाठी वेप मागवणं आजच्या आज बंद. स्वतःचं सोडायला तुला आठवडे लागतील, ते समजू शकतो. दुसरीला पुरवायला एक दिवसही नको. तू कुठल्या देशात शिकतेस ते लिहिलं नाहीस, आणि कायदे जागोजागी वेगळे आहेत. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, विकणं, वाटणं, साठवणं सगळ्यावर बंदी आहे. सिंगापूरमध्ये २०१८ पासून जवळ बाळगणं आणि ओढणंही गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये अठरा वर्षांवरच्यांना मोकळीक आहे, पण एकदा वापरून फेकायचे वेप जून २०२५ पासून बंद झाले. अमेरिकेत वयाची अट एकवीस. तुझ्या गावचा नियम तू बघ. पण ‘दोघींसाठी मागवते’ याला मैत्री म्हणतात, तसंच काही ठिकाणी ‘वितरण’ही म्हणतात, हे डोक्यात राहू दे.

ओळखीतून आलेल्या उपकरणाचं अजून एक आहे. लेबलवर जे लिहिलंय ते आत आहे याची हमी कुणी घेतलेली नसते. ‘निकोटिनमुक्त’ लिहिलेल्या द्रवांतही तपासणीत निकोटिन निघालं आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत एकाएकी तरुण मुलं धाप लागून इस्पितळात भरती व्हायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०० हून अधिक रुग्ण आणि ६८ मृत्यू. बहुतेकांनी गांजातल्या अमली द्रव्याचे वेप ओढले होते, आणि ते पातळ-दाट करायला भेसळ म्हणून घातलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट फुप्फुसात गेलं होतं. साध्या निकोटिनच्या वेपने ती साथ आली नव्हती, हे मुद्दाम सांगतो, कारण घाबरवायला ती गोष्ट अर्धीच सांगितली जाते. पण आपण काय ओढतोय हे त्या मुलांनाही ठाऊक नव्हतं.

म्हणूनच दीड महिन्याचा खोकला मला नुसता बोलण्यावर सोडायचा नाही. तिला डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि तिथे वेपचं नाव घ्या. न सांगितल्यास डॉक्टर दमा, अॅलर्जी, सगळं शोधत बसतील. धाप लागणं, छातीत दुखणं, ताप, उलट्या यांतलं काही दिसलं, किंवा खूप ओढल्यावर मळमळ, दरदरून घाम, धडधड, चक्कर असं झालं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी जा, आणि उपकरण बरोबर न्या.

आणि काकू. मी या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवला. ती मुलगी अठरा वर्षांची आहे, सज्ञान आहे. तिच्या पाठीमागे तिच्या आईला सांगितलंस तर काकूंना खरं कळेल, पण बहुधा तिचा तुझ्यावरचा आणि घरचा, दोन्ही भरवसे जातील, आणि ती ओढणं तसंच चालू ठेवून फक्त लपवायला शिकेल. दुसऱ्या बाजूला, काकू परक्या नाहीत; त्यांनी विश्वासाने तुला विचारलं. मला वाटतं, सांगणं आणि खोटं बोलणं यांच्यामध्ये पुरेशी जागा आहे. ‘काकू, मी परवा तुम्हाला नीट उत्तर दिलं नाही. खोकला बरेच दिवस आहे, मी तिला डॉक्टरकडे नेते आहे. बाकीचं तीच तुम्हाला सांगेल.’ हे बोलायच्या आधी रूममेटला सांग की मी असं बोलणार आहे आणि पुन्हा हवेवर ढकलणार नाही. ती चिडेल. चिडू दे. आधी कल्पना दिलीस तर ते चुगली ठरत नाही. या सगळ्याला मी एकच अपवाद ठेवतो: ती शुद्ध हरपली, श्वासाला त्रास झाला, किंवा निकोटिनऐवजी भलतंच काही ओढते आहे असं तुला दिसलं, तर परवानगी मागत बसू नकोस. आधी डॉक्टर, मग काकू.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन शब्द. ‘मी फक्त शनिवारी, पार्टीत’ म्हणणाऱ्यांनी मंगळवारी सकाळी तो कुठे आहे हे आठवून बघावं. लगेच आठवलं तर शनिवारचा हिशोब चुकलाय. जे आधी सिगारेट ओढत होते आणि आता फक्त वेपवर आहेत, त्यांनी घाबरून सिगारेटकडे परत जाऊ नये. वेप हळूहळू खाली आणायचा आहे, उलट दिशेने जायचं नाही. दोन्ही ओढणाऱ्यांना मात्र फायदा कुठलाच नाही. आणि मुलाच्या बॅगेत पेन ड्राइव्हसारखं काही सापडलं म्हणून मला तीन पालकांनी लिहिलंय. बॅग उपसू नका. ‘सकाळी उठल्यावर किती वेळाने लागतं?’ एवढं शांतपणे विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

राहिलं ते उपकरण. तुझ्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी ते खोलीतून गेलं पाहिजे. ‘शेवटचं एक’ म्हणून कपाटात नको. पण कचऱ्याच्या डब्यात टाकू नकोस. आत लिथियमची बॅटरी असते, ती दाबली गेली तर पेटते, आणि उरलेला द्रव लहान मुलाच्या किंवा जनावराच्या तोंडी गेला तर जिवावर बेततं. ई-कचरा जिथे घेतात तिथे नेऊन दे. निघताना रूममेटला विचार, येतेस का म्हणून. आली तर रस्ताभर दुसऱ्या कशाबद्दल तरी बोला.